मुकादमचं डोकं

"डोकं सोडून मारा रे! डोकं सोडून!"

फाटकातून आत शिरता शिरताच मामांनी आरोळी ठोकली. वसाहतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीपाशी, माणसांचं कोंडाळं जमलं होतं. काठ्या वर जात होत्या, खाली येत होत्या. मधोमध काय आहे ते लांबून दिसत नव्हतं, पण काठ्या इतक्या खालपर्यंत जातात म्हणजे कुत्रंच असणार, हे त्यांना सवयीनं कळलं. आणि सवयीनंच ते वाक्य तोंडातून गेलं.

उभा जन्म त्यांनी हे वाक्य लोकांना सांगण्यात घालवला होता. जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत ते कवट्या फोडायचं काम करत. पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं मेलं की त्याचं डोकं बर्फाच्या डब्यातून त्यांच्या टेबलावर यायचं. मामा छिन्नी-हातोड्यानं कवटी उघडायचे, मेंदूचा तुकडा काढायचे आणि त्यात विषाणू आहे की नाही ते तपासलं जायचं. पण लोकांचा राग निघतो तो नेमका डोक्यावर. ज्याच्यात उत्तर आहे त्याचाच आधी चेंदामेंदा करायचा, मग तो पिशवीत भरून आणायचा आणि वर विचारायचं, "साहेब, पिसाळलेलं होतं का हो?" मामा म्हणायचे, "आता त्यालाच विचारा." प्रयोगशाळेत सगळे त्यांना कवटीमामा म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

लोकांनी ऐकलं. मामांच्या शब्दाला वसाहतीत मान होता. काठ्या डोक्यावरून पाठीवर आल्या, पाठीवरून कमरेवर. कोंडाळं जरा फाकलं आणि मामांना शेपूट दिसलं. तपकिरी, टोकाला पांढरं.

ते मुकादमचं होतं.

मुकादम मामांच्या बायकोचा कुत्रा. जिन्याखाली सापडलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं. रोज सकाळी तो फाटकात उभा राहायचा, कामाला निघालेल्या प्रत्येकाला हुंगून मगच सोडायचा, आणि कुणाला उशीर झाला की त्याच्या अंगावर भुंकायचा. म्हणून हे नाव पडलं. त्याला मारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं त्या सकाळी कामावर सोडलं होतं.

"अरे थांबा! आपला मुकादम आहे तो!"

"आपला नाही, तुमचा!" वेल्डर ओरडला. तळमजल्यावर राहायचा, आवाराच्या तोंडाशीच त्याचं दुकान होतं. त्याचे डोळे लाल झाले होते. "माझ्या पोरीचा, चिमणीचा हात फाडलाय त्यानं. हाड दिसतंय मामा, हाड!"

"बांधून ठेवू त्याला. दहा दिवस नुसता बांधून ठेवू. जगला तर त्याला काही नव्हतं, आणि मेला तर..."

"घाला चुलीत तुमचे दहा दिवस!"

डोकं सोडून मारलं तर कुत्रं लवकर मरत नाही. हे मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्यापर्यंत नेहमी नुसतं डोकं यायचं, मरण तिकडेच कुठंतरी उरकलेलं असायचं. मुकादमचे मागचे पाय लुळे पडले होते. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत तो मामांच्या दिशेनं यायला लागला, कारण संध्याकाळी मामा आले की फाटकाशी जायचं हे त्याचं रोजचं काम होतं. तोंडातून रक्त आणि लाळ एकत्र गळत होती. "बघा, फेस बघा!" कुणीतरी म्हणालं. एक काठी बरगड्यांवर बसली आणि सुकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मामा पुढं झेपावले तर मागून दोघांनी त्यांना कवेत धरलं.

शेवटी वेल्डरनंच टाकीजवळची वीट उचलली. राग आवरेना म्हणून उचलली की ती तडफड बघवेना म्हणून, देव जाणे. त्यानं ती दोन्ही हातांनी मुकादमच्या डोक्यात घातली. एकदाच.

मामांची बायको जिना उतरून धावत आली तेव्हा सगळं संपत आलं होतं. ती फरशीवर बसली, मुकादमचं डोकं मांडीवर घेतलं, टाकीचं पाणी ओंजळीनं त्याच्या तोंडात सोडू लागली. पाणी आत जातच नव्हतं. कोपरापर्यंत तिचे हात रक्तालाळेनं माखले. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"लस दिली होती ना हो याला यंदा?"

सगळे मामांकडे पाहू लागले.

"हो," मामा म्हणाले.

दिली नव्हती. दर वर्षी ते स्वतः त्याला घेऊन जात. यंदा आज नेऊ, उद्या नेऊ करता करता राहूनच गेलं होतं. जगाला ओरडून सांगणाऱ्याच्या घरचाच कुत्रा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

वेल्डरच्या बायकोनं चिमणीला तोवर दवाखान्यात नेलं होतं. जखम साबणानं धुतली, पहिली सुई दंडात दिली. पण मुख्य औषध, जे थेट जखमेत टोचायचं असतं, ते संपलेलं होतं. उद्या सकाळी या, म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. मामांनी मुकादमला गोणपाटात गुंडाळून बर्फात ठेवला. बायको मोरीत हात धूत होती. धुणं-भांड्यांनी भेगाळलेले हात तिनं पुन्हा पुन्हा धुतले.

"तो वेडा नव्हता," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्या तपासा आणि या सगळ्यांच्या तोंडावर येऊन सांगा. माझा मुकादम असा डाग घेऊन जायचा नाही."

"आणि निघाला तर?"

"कसा निघेल? लस दिलीय म्हणालात ना."

मामा उठून बर्फ बघायला गेले.

प्रयोगशाळेत त्या दिवसांत दोन तपासण्यांची तुलना चालली होती. जुनी तपासणी सूक्ष्मदर्शकाची. मेंदूचा तुकडा काचेवर दाबायचा, ती काच रात्रभर गार द्रावणात ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिच्यावर चमकणारा रंग घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत बघायची. विषाणू असेल तर हिरवं चमकतं. ही तपासणी खात्रीची, पण तिला वेळ लागतो. नवी तपासणी पट्टीची. मेंदूचा कण द्रावणात घोटून दोन थेंब टाकले की पाव तासात उत्तर. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे आहे. मामा तिला म्हणायचे, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." प्रत्येक डोकं दोन्हीकडं तपासायचं आणि पट्टी कितीदा खरं बोलते ते बघायचं, असं ठरलं होतं. बहुतेक वेळा दोघींचं जुळायचं. पण नमुना सडका असला किंवा भलत्या जागेचा असला, तर पट्टी असलेला विषाणूही नाही म्हणायची. विषाणू हमखास सापडतो तो मेंदूच्या देठाशी, मान जिथं सुरू होते तिथं. तिथपर्यंत जायचं तर कवटी नीट उघडावी लागते. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरमॅडमनी दारावरच लिहून लावलं होतं, पट्टीचा निकाल या खोलीबाहेर जाणार नाही.

त्या सकाळी मॅडम मुख्य कार्यालयात बैठकीला गेल्या होत्या. मामांनी एप्रन चढवला, हातमोजे घातले, चष्मा लावला. मुकादमला टेबलावर घेतला. कपाळाच्या मध्यावर छिन्नी टेकवली आणि हातोडा उचलला.

मुकादमचा एक डोळा उघडा होता.

आजवर मामांनी किती डोकी उघडली असतील त्याला गणती नव्हती. सकाळी दोन कवट्या फोडून दुपारी डबा चवीनं खाणारा हा माणूस. पण हातोडा खाली येईना. ज्या कपाळाला बायको रोज खाजवायची ते हे कपाळ होतं, तिथले केस तेवढ्यानंच आडवे झाले होते. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा हात वरच राहिला. शेवटी त्यांनी हातोडा ठेवून दिला.

वेल्डरच्या विटेनं डाव्या बाजूला भगदाड पाडलंच होतं. मामांनी चिमटा घेतला, त्या भगदाडातून वरवरचा, रक्तात कालवलेला एक कण उचलला. मेंदू तो मेंदूच, असं ते स्वतःशी म्हणाले. ते खरं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पट्टीवर दोन थेंब टाकले. एक रेघ उमटली. मामा घड्याळ बघत बसले. वेळ भरली, वर थोडी गेली, तरी दुसरी रेघ आली नाही. चष्म्याच्या आत पाणी साचलं आणि त्यांना ती एकही रेघ दिसेनाशी झाली. मॅडम येईपर्यंत थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. मुकादमला शीतपेटीत ठेवला आणि सरळ वसाहत गाठली.

वेल्डर दुकानात पाइप जोडत बसला होता. मामांना बघून त्यानं तोंडावरची ढाल वर केली.

"एकच रेघ आली!" मामा दारातूनच ओरडले. "एकच! वेडा नव्हता माझा कुत्रा! निरोगी जनावर ठेचलंस तू!"

"मामा..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. मामांनी तिथलाच हातभर पाइप उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. वेल्डर स्टुलावरून कोलमडला. दुसरा फटका कानावर बसला, कान फाटला आणि रक्त मानेवरून ओघळलं. मामांचा आवाज चिरकला होता. "दहा दिवस मागत होतो मी! दहा दिवस! डोक्यात वीट घातलीस!" तिसरा फटका पाठीत बसला. वेल्डरनं हात वर केला नाही. काल ज्यांनी काठ्या चालवल्या होत्या ते सगळे गोळा झाले, पण एकजणही पुढं आला नाही. मान खाली घालून उभे राहिले.

वेल्डरची बायको चिमणीचा हात धरून धावत आली. दोघी दवाखान्यात निघाल्या होत्या. चिमणीचा दुसरा हात पट्ट्यांत गुंडाळलेला होता आणि तिनं सकाळपासून सुईच्या भीतीनं घर डोक्यावर घेतलं होतं.

"मामा, खरंच नव्हता का हो वेडा?"

"नव्हता."

"मग आता त्या सुया नकोत ना? लेकरू रडून रडून निळं झालंय."

मामांच्या हातात पाइप होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. "कशाला हव्यात?" ते म्हणाले. "शुद्ध जनावर होतं ते."

चिमणीनं एका हातानं आईच्या मांडीवर टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी मामांची बायको पोटभर रडली आणि मग जेवली. खाली वेल्डर बादल्यांवर बादल्या ओतून टाकीजवळची फरशी घासत होता. कानाला त्यानं फडकं बांधलं होतं. मामांना खिडकीतून त्याची पाठ दिसत होती आणि बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेले तेव्हा मॅडम अंधाऱ्या खोलीत होत्या.

"मामा, इकडं या. बघा."

मामांनी डोळा लावला. काळ्या कापडावर हिरवी मोहरी सांडावी तसं सगळीकडं चमकत होतं.

"काल दुपारी आले तर शीतपेटीत एक कुत्रं, कवटी न उघडलेलं," मॅडम म्हणाल्या. "मीच छिन्नी घेतली. देठातून नमुना काढला. पट्टीवरही दोन रेघा आल्या. पण पट्टीवर आपण बोलत नाही, म्हणून आजची वाट पाहिली. तुमची एक पट्टी टेबलावर पडली होती. एका रेघेची. तुम्ही भगदाडातून घेतलंत?"

"हो."

"तुम्ही? का पण?"

"आमचा मुकादम होता तो, मॅडम."

मॅडमनी खोलीतला दिवा लावला. तुलनेची वही पुढं ओढली. मग हळूच म्हणाल्या, "ही तुलनेत कशी धरू? पट्टी चुकली म्हणून धरली तर..."

"पट्टी नाही चुकली. काढून टाका ती."

"ठीक आहे. कुणाला चावला होता? औषध मिळालं ना त्यांना?"

मामा म्हणाले, "पोरगी आहे. एक सुई झालीय. जखमेतलं औषध राहिलंय. मी काल जाऊन सांगितलं, नका नेऊ म्हणून."

मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू गेलं. "मग इथं काय उभे राहिलात! अजून देता येईल, वेळ गेलेली नाही. पळा!"

वेल्डरनं ऐकून घेतलं. ढाल वर करून, मांडीवर हात ठेवून, सगळं ऐकलं. मग हसला.

"काल शुद्ध, आज वेडा. उद्या काय म्हणाल? तुमची तपासणी म्हणायची की पोरखेळ?"

"आजची खरी आहे. सूक्ष्मदर्शकाची आहे. मी डोळ्यांनी बघितलं."

"कालचं पण डोळ्यांनीच बघितलं होतंत. कान फोडलात माझा." त्यानं पुन्हा पाइप हातात घेतला. "जा मामा. पोरगी कालपासून कुठं हसायला लागलीय. परत नाही रडवायची मला तिला."

मामांना कळलं की आता हा ऐकणार नाही. आणि ऐकवायचं असेल तर एकच वाट आहे. दुकानाबाहेर माणसं जमू लागली होती. त्यांची बायकोही जिना उतरून दाराशी आली होती.

"काल पट्टी खोटं बोलली नाही," मामा म्हणाले. "मी तिला खोटं खायला घातलं. मला त्याचं डोकं फोडवेना. छिन्नी लावली आणि हात उचलेना. म्हणून तू पाडलेल्या भोकातनं वरवरचं घेतलं. तिथं काही सापडत नसतं, हे मला माहीत होतं. मला तो शुद्धच हवा होता." त्यांनी दाराकडं बघितलं नाही. "आणि लसही दिली नव्हती. राहून गेली. परवा खोटं बोललो."

वेल्डर सावकाश उठला. पाइप त्यानं खाली ठेवला. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि मामा लोखंडी सळ्यांच्या ढिगावर आडवे झाले. त्यानं त्यांना कॉलर धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. ओठ फुटला, दात हलला. "एक दिवस!" वेल्डर ओरडत होता. "माझ्या पोरीचा एक दिवस खाल्लात!" मामांनी हात वर केला नाही. बाहेरचे दोघेतिघे धरायला पुढं झाले.

"नका धरू," मामांची बायको म्हणाली. "मारू दे."

कुणी हललं नाही. पोटात एक लाथ बसली, मग दुसरी. वेल्डरचा हात सळईकडं गेला तेव्हा ती पुन्हा बोलली. आवाज कोरडाठाक होता.

"डोकं सोडून मार रे."

वेल्डरचा हात तिथंच थांबला. तेवढ्यात त्याची बायको चिमणीला काखेत उचलून आली. नवऱ्याकडं बघितलं नाही, मामांकडंही नाही. "तुमचं भांडण संध्याकाळी भांडा," ती म्हणाली. "रिक्षा उभी आहे. चला आधी."

दवाखान्यात त्या दिवशी औषध होतं. फुटलेल्या ओठाचे मामा, कान बांधलेला वेल्डर, दोघांच्या बायका आणि मधे चिमणी असे सगळे एकाच बाकावर बसले. नर्सनं विचारलं, "अजून कुणाला लाळ लागलीय का?" मामांच्या बायकोनं दोन्ही हात पुढं केले. भेगा अजून उघड्या होत्या. तिनं दंड पुढं केला, सुई घेतली आणि परत बाकावर येऊन बसली. ती मामांशी एक अक्षर बोलली नव्हती.

"मामा," चिमणीनं विचारलं, "मुकादम वेडा होता?"

"आजारी होता गं. म्हणून चावला. एरवी तुला चावला असता का तो?"

चिमणीनं विचार केला. "नाही," ती म्हणाली.

मग तिची पाळी आली. पट्ट्या सोडल्या. जखमेच्या आत आणि चारी बाजूंनी टोचायचं होतं. नर्स म्हणाली, "हात घट्ट धरा कुणीतरी. हलला तर सुई मोडेल." आईनं तोंड फिरवलं. वेल्डरनं धरायला घेतला, पण मघाच्या मारामारीनं त्याची बोटं सुजली होती, पकड बसेना. त्यानं मामांकडं बघितलं आणि बाजूला सरकला.

मामांनी तो काडीसारखा हात टेबलावर दाबून धरला. या कामाला त्यांचा हात पक्का होता. पहिली सुई जखमेत गेली आणि चिमणी अशी किंचाळली की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावली. दुसऱ्या सुईला तिनं मान वळवली आणि समोर दिसलं ते मामांचं मनगट दातांत धरलं. कडकडून चावली. रक्त आलं.

"काढा तो हात, मामा," नर्स म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाला बोलावते."

"तुमचं चालू द्या," मामा म्हणाले.

तिसरी सुई गेली. चौथी गेली. दात अजून आत रुतले. बाकावरून मामांची बायको उठली, येऊन चिमणीच्या मागं उभी राहिली आणि तिच्या कपाळावरून बोटं फिरवू लागली, केस आडवे करत. मामांनी हात काढला नाही.